हिऱ्याचा जोडीदार

इंजिनाला आंघोळ घालू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तरी बापूजींनी ते मानलं असतं याची हमी कोणी देऊ नये. शेतकऱ्याच्या घरी वर्षभर जो राबतो, त्याला पोळ्याच्या दिवशी न्हाऊमाखू घालायचं ही रीत. आता राबणारा चार पायांवर उभा आहे की चार बोल्टांवर बसवलेला आहे, असल्या बारीक भानगडीत रीत पडत नाही.

कारंजा घाडगेहून दोन कोस आत बापूजींचा संत्र्याचा बगीचा होता. मधोमध विहीर, विहिरीच्या काठाला टिनाचं छप्पर आणि छपराखाली हिरव्या रंगाचं डिझेल इंजिन. पूर्वी या विहिरीवर मोट चालायची आणि मोटेला हिऱ्या-लाख्याची जोडी असायची. शेजारपाजारच्या सगळ्या विहिरींवर इंजिनं फटफटायला लागली तरी बापूजी मोट सोडायला तयार नव्हते. मग एका पावसाळ्यात लाख्या दुखण्याने गेला. एकटा हिऱ्या मोट काय ओढणार? बायकोच्या, म्हणजे रुख्माबाईंच्या माहेरी एका बैलाची गरज होती, तिथे त्याला देऊन टाकलं आणि विहिरीवर इंजिन आलं.

सुरुवातीला बापूजी त्या इंजिनाकडे सवतीच्या पोराकडे पाहावं तसे पाहत. पण एकदा दिवसभर ते चाललं, पाटातून पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचलं, आणि संध्याकाळी बंद केल्यावर बापूजींचा हात सहज त्याच्या अंगावर पडला. काम करून आलेल्या बैलाच्या पाठीसारखं ते ऊन लागत होतं. त्या दिवसापासून इंजिनाचं नाव हिऱ्या झालं. हे नाव घरात फक्त रुख्माबाईंना माहीत होतं, आणि पोटात ठेवायची गोष्ट पोटातच ठेवायची ही त्या बाईची खोड होती.

मुलगा केशव वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून होता. वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेला त्याने नवं घर बांधलं होतं आणि त्यातली उजेडाची खोली आईवडिलांसाठी राखून ठेवली होती. पोरगा वाईट नव्हता, उलट जरा जास्तच चांगला होता आणि असल्या चांगल्या पोरांच्या हट्टापुढे म्हाताऱ्यांचं काही चालत नाही. उन्हाळ्यात तो घरी आला असताना सकाळी उठून पाहतो तर काय, बापूजी रिकाम्या गोठ्यात कडब्याची पेंढी सोडून टाकताहेत. हाताची सवय ती, दुसरं काही नव्हतं. पण केशवचा जीव धसकला.

"माय, बाबाचं डोस्कं आता ठिकान्यावर नाई," तो आत जाऊन आईला हळूच म्हणाला. "एकल्या मानसानं इथं राह्यनं खरं नाई."

भिंत कुडाची होती. बापूजींनी सगळं ऐकलं, आणि ते वाक्य त्यांच्या मनात सलत राहिलं. जाताना केशवने उघडच विषय काढला. थोडी वादावादी झाली आणि शेवटी बापलेकात ठरलं ते असं: उन्हाळ्याच्या तोंडी फुटलेला आंबिया बहार दिवाळीच्या सुमाराला तोडणीला येतो. तोवर बापूजींनी एकट्याच्या जिवावर फळ झाडावर टिकवून दाखवलं, तर केशव पुन्हा पिपरीचं नाव काढणार नाही. फळ गळलं, तर बगीचा बटईने, म्हणजे वाट्याने कसायला द्यायचा आणि दोघांनी मुकाट्याने पिपरीला चालायचं.

"कबूल," बापूजी म्हणाले होते.

ते साल होतं एकोणऐंशीचं. पाऊस आला आणि पाव्हण्यासारखा चहा पिऊन निघून गेला. पोळ्याच्या आधीपासूनच कडक ऊन पडायला लागलं. संत्र्याचं झाड मोठं मानी असतं. फळ पोटात असताना पाणी तोडलं, की ते हिरवीच्या हिरवी फळं खाली टाकून मोकळं होतं. त्यात डिझेलचीही मारामार, हमरस्त्यावरच्या पंपावर ट्रकवाल्यांच्या रांगा. पण बापूजी हुशार, त्यांनी आधीच एक मोठा ड्रम भरून इंजिनाशेजारी छपराखाली उभा करून ठेवला होता. ड्रमचं बूच कधीचंच हरवलं होतं, तोंडात चिंधी कोंबलेली होती. तेवढं चालतं, असं आपल्याकडे सगळ्यांचंच मत असतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याला जेवणाचं आवतन देतात. बापूजी वाटीत तूप-हळद घेऊन विहिरीवर गेले. इकडे तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. इंजिनाच्या चाकाला बोटभर हळद लावली आणि म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

आणि मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. इंजिनाशी बोलल्याचं नव्हे, त्याची त्यांना सवय होती. पण एकट्या बैलाला कोणी आवतन देतं का? पोळा जोडीचा असतो. एकटा बैल घेऊन तोरणाखाली उभं राहायला कोणालाही ओशाळवाणंच वाटतं. त्यांची नजर शेजारी गेली. लाल रंगाचा, भरल्या पोटाचा ड्रम गुमान उभा होता. लाख्याचाही रंग असाच तांबडा होता, आणि तोही असाच, हाक मारेपर्यंत गुमान उभा राहायचा. बापूजींनी ड्रमलाही हळद लावली. "तू बी ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू असताना बापूजींनी ओल्या फडक्याने दोघांना पुसलं, गेरू कालवून दोघांच्या अंगावर पंजे उठवले आणि उरलेला गेरू ड्रमच्या माथ्यावर ओतून टिळा केला. रुख्माबाईंनी काही न विचारता पुरणपोळीची दोन पानं वाढून दिली होती. एक हिऱ्यापुढे, एक लाख्यापुढे. दोन वर्षांनी बापूजींना पोळा पोळ्यासारखा वाटला. डोळे भरून आले, हे मात्र त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

एवढ्यात बगीच्याच्या बांधावरून, धुऱ्यावरून हाक आली, "बाबा! कोठं हा तुमी?"

केशव! न कळवता सणाच्या जेवणाला आला होता. कडब्याच्या एका पेंढीवरून ज्या पोराने डोकं ठिकाणावर नाही म्हटलं, तो गेरू लावलेलं इंजिन आणि नैवेद्य खाणारा ड्रम पाहून काय म्हणेल? त्यांनी पानं आडोशाच्या टिनामागे लपवली, बादली उचलली आणि हौदातलं थंड पाणी धडाधड ओतायला सुरुवात केली. इंजिनावर ओतलं, ड्रमवर ओतलं. गेरू चिवट होता, म्हणून आणखी ओतलं. ड्रमच्या काठाच्या आत पाणी तळ्यासारखं साचलं. टिनाखाली तापलेला ड्रम थंड पाण्याने एकदम निवला आणि निवता निवता त्याने ते गेरूचं पाणी चिंधीतून गटागटा आत ओढून घेतलं. इंजिनाच्या टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिनेही आपला वाटा घेतला. बापूजींना यातलं काहीच कळलं नाही.

"काय धुऊन राह्यले एवढं?" केशवने येऊन विचारलं.

"धूळ बसली व्हती."

केशव जेवून परत गेला. लगेच एक-दोन दिवसांत इंजिनाने रंग दाखवला. हँडल मारलं की सुरू व्हायचं, जरा वेळ चालायचं, मग ठसका लागल्यासारखं खोकायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प. पुन्हा हँडल मारा, पुन्हा तेच. बापूजींचे खांदे भरून आले. पाणी पाटाच्या निम्म्यातही जाईना. झाडांची पानं दुमडायला लागली आणि रुख्माबाईंना सकाळी झाडाखाली पडलेलं पहिलं हिरवं संत्रं सापडलं. त्यांनी ते आणून ओसरीवर ठेवलं.

कारंज्याला हमरस्त्यावर ओमप्रकाश मिस्त्रीचं ट्रकदुरुस्तीचं दुकान होतं. बापूजींनी त्याला बोलावून आणलं. ओमप्रकाशने इंजिनाभोवती एक चक्कर मारली, धूर पाहिला, मग फिल्टरच्या खालचा नट सैल करून निघालेलं डिझेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि बाटली उन्हात ठेवून दिली.

"आता चाय पिऊ," तो म्हणाला. "बाटलीच सांगते काय हाय ते."

चहा होईपर्यंत बाटलीतलं डिझेल वर आलं आणि खाली पाणी उतरलं, मध्ये सुतासारखी स्पष्ट रेघ. पाण्याच्याही तळाशी लालसर गाळ बसला होता.

"पाहा. पानी गेलं टाकीत. पानी जड, ते खाली बसते अन् पहिले तेच इंजिनात जाते. इंजिन पानी थोडीच पेते बापूजी? अन् हा लाल गाळ म्हनजे गंज. टाकी आतून गंजली. पन पानी गेलं कोठून?"

"पावसाचं गेलं असन," बापूजी म्हणाले.

"पाऊस? कोन्त्या गावाचा?"

"पहिले आल्ता ना, तवाचा."

ओमप्रकाशने मान हलवली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा त्याचा धंद्याचा नियम होता. त्याने टाकी उतरवून चकचकीत धुतली, फिल्टर साफ केलं, आपल्याजवळच्या डब्यातलं डिझेल टाकीत ओतलं. मग पंपाजवळचा स्क्रू सैल करून नळीत अडकलेली हवा बुडबुड्यांसकट बाहेर काढली आणि हँडल मारलं. इंजिन असं चाललं की बापूजींना ते हसतंय असं वाटलं. संध्याकाळपर्यंत निम्मा बगीचा भिजला.

पण ओमप्रकाशचं डिझेल संपलं. बापूजींनी ड्रमात नळी सोडली, तोंडाने ओढून टाकी भरली आणि हँडल मारलं. जरा वेळ चाललं. मग ठसका, पांढरा धूर, आणि गप्प.

रविवारी ओमप्रकाश पुन्हा आला, आणि त्याच दिवशी केशवही आला. कोणीतरी बसमध्ये त्याला बातमी दिली होती. तो आधी बगीच्यातून फिरला आणि खाली पडलेली ढीगभर फळं बापाच्या उपरण्यात बांधून घेऊन आला. आईने ओसरीवर फळ ठेवलं होतं, तसंच ते गाठोडं त्याने विहिरीच्या काठावर ठेवून दिलं.

बाटली पुन्हा उन्हात उभी राहिली. पुन्हा तळाला पाणी, पुन्हा लाल गाळ. ओमप्रकाशने कपाळ चोळलं.

"ड्रमात तं पानी नाई गेलं?"

"ड्रम छपराखाली हाय," बापूजी म्हणाले. "पावसाचा थेंब बी लागत नाई त्याले."

हे अगदी खरं होतं. आणि असल्या खऱ्यासारखं खोटं दुसरं नसतं. ओमप्रकाशने चिंधी काढून वरून वाटीभर डिझेल काढून पाहिलं, ते आरशासारखं स्वच्छ होतं. मग त्याने हात टेकले.

"मंग पंपच गेला, बापूजी. जुन्या टाकीले राती आतून घाम येते, त्याचं पानी झालं. गंज पंपात शिरला. पंप खोलून नागपूरले धाडा लागन. आठ-दहा दिस तं गेलेच."

"आठ-दहा दिवसांत झाडावर पान राह्यते की नाई काय मालूम," केशव म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, त्यानेच बापूजींना जास्त लागलं. तो बापाशेजारी बसला. "बाबा, जाऊ द्या ना आता. इंजिन म्हातारं झालं. गंजलं. मानसाच्या हातात काय राह्यते? माय तिथं खूश राहीन. तुमी बी."

बापूजी बाटलीकडे पाहत होते. टाकी ओमप्रकाशने त्यांच्या डोळ्यांदेखत धुतली होती, घासलेल्या ताटात दिसावं तसं तिच्यात तोंड दिसत होतं. मग हा लाल गाळ पुन्हा आला कुठून? त्यांनी बाटली उचलली, बूच काढून डिझेल आणि पाणी हळूच ओतून दिलं, आणि तळाचा गाळ बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला. गंज कसा खरखर लागतो. हा लोण्यासारखा मऊ होता. जन्मभर दर पोळ्याला हाताने कालवलेली वस्तू बापूजी ओळखणार नाहीत तर कोण ओळखेल? तो गेरू होता. आणि टाकी धुतल्यावरही गेरू आला, म्हणजे तो फक्त ड्रमातूनच येऊ शकत होता.

आता इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं, तर पोरापुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मी इंजिनाला बैल मानलं आणि ड्रमला पुरणपोळी वाढली. मग पिपरीची ती उजेडाची खोली कायमची ठरलीच. न बोलावं, तर पंप नागपूरला जाणार, इथे झाडं फळं टाकणार, आणि पिपरीची तीच खोली. बापूजींनी बगीच्याकडे पाहिलं. पानं हात जोडल्यासारखी दुमडली होती. त्यांनी स्वतः लावलेली झाडं होती ती. आपण वेडे ठरलो तर ठरलो, पण या मुक्यांनी कशापायी तहानेने मरावं?

"ओमप्रकाश," ते म्हणाले, "पंप नोको खोलू. हा गंज नोय. हा गेरू हाय."

"गेरू? इंजिनात?"

"ड्रमात. नळी पार बुडापर्यंत टाक, तुले दिसन. मीच ओतला." आणि मग बांध फुटल्यासारखं त्यांनी सगळं सांगून टाकलं. आवतन, पंजे, दोन पानं, केशवची हाक, आणि घाईघाईने ओतलेल्या बादल्या. "तू पाहाशीन तं मले येडा म्हनशीन, म्हून धुतलं. एकल्या बैलाचा पोळा नसते, केशव. म्हून मी ड्रमले जोडीले घेतलं. आता म्हन काय म्हनाचं ते."

ओमप्रकाशच्या ओठावर हसू आलं होतं, पण केशवच्या तोंडाकडे पाहून ते तिथेच थांबलं. केशव उठला होता. तो छपराखाली गेला आणि ड्रमसमोर उभा राहिला. काठाच्या खाचेत, बादलीचं पाणी पोचलं नव्हतं तिथे, गेरूची एक करंगळी अजून उमटलेली होती. त्याने ती बोटाने पुसली नाही.

"याचं नाव काय ठेवलं?" त्याने पाठ न वळवताच विचारलं.

बापूजींनी सांगितलं, "लाख्या."

लाख्या गायीच्या पोटातून आला तेव्हा केशव शाळेत होता. गाय जवळ घेऊन पाजेना, तेव्हा याच केशवने बोटं दुधात बुडवून वासराला चोखवली होती, आणि ते मेलं तर मी शाळेत जाणार नाही म्हणून गावभर रडला होता. लाख्या गेला त्या पावसाळ्यात कचेरीला रजा नव्हती. त्याला पुरायलाही तो येऊ शकला नव्हता. केशवने ड्रमच्या पोटावर तळहात ठेवला.

मग त्याने सदरा काढून खुंटीला टांगला. "ओमप्रकाशभाऊ, घमेलं घ्या. आन् नळी पार बुडाले लावा."

नळीतून आधी आलं ते लाल पाणी. घमेलं भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. मग पाणी पांढुरकं झालं, मग दुधासारखं गढूळ डिझेल आलं, आणि शेवटी सोन्याच्या रंगाचं स्वच्छ डिझेल यायला लागलं. गढूळ होतं ते त्यांनी डब्यात निवळायला ठेवलं. रुख्माबाईंनी न मागता जुन्या धोतराची चौपदरी घडी आणून दिली, तिच्यातून गाळून टाकी भरली. फिल्टर पुन्हा धुतलं, नळीतली हवा पुन्हा काढली. शेवटचा बुडबुडा गेला तसा ओमप्रकाशने स्क्रू आवळला.

"मारा हँडल," तो बापूजींना म्हणाला.

पण हँडल केशवने धरलं. कारकुनाचे हात ते, पहिल्या फेऱ्यात सालपटं निघाली. दुसऱ्या फेऱ्यात इंजिनाने एक हुंकार दिला, धुराचा काळा भपकारा छपरावर आदळला आणि मग ते चालायला लागलं. चालतच राहिलं. ठसका नाही, पांढरा धूर नाही. पाट भरला, पाणी पहिल्या ओळीला लागलं, दुसऱ्या ओळीला लागलं, आणि दिवस उतरायच्या आत शेवटच्या झाडाच्या आळ्यात जाऊन थांबलं. सगळी फळं वाचली असं नाही, पण जी झाडावर होती ती झाडावरच राहिली. रुख्माबाईंनी त्या दिवशी गाठोड्यातली पडलेली संत्री उकिरड्यावर टाकून दिली.

ओमप्रकाशला पोचवून आल्यावर केशवने बाभळीचा एक तुकडा कोयत्याने तासून ड्रमला घट्ट बसेल असं बूच केलं. टाकीच्या झाकणावर उलटी वाटी बांधली. पिपरीचा विषय त्याने काढला नाही. बापूजी वाट पाहत होते की आता काढेल, मग काढेल, शेवटी बसची वेळ झाली तरी काढला नाही. धुऱ्यापर्यंत ते त्याच्यासोबत चालत गेले.

तिथे केशव थांबला. "बाबा, पुढच्या पोळ्याले बादली आननं बंद. ओल्या फडक्यानं पुसा, तेवढंच."

"हो रे बाबू."

केशव दोन पावलं गेला आणि परत वळला. "आन् मी आल्याबिगर आवतन देऊ नका. लाख्याले तं मी देईन."